न पाहिलेल्या चित्रपटांचा वाद

सप्टेंबरच्या अखेरीस वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू होते आणि त्याच सुमारास ‘भारतातर्फे ऑस्करसाठी अमुक चित्रपटाची निवड’ ही बातमी येते. तिथपासून जानेवारीत तूर घरात येईपर्यंत आमच्याकडच्या चित्रपटवेड्या मंडळींचा वादाचा हंगाम चालतो. डिसेंबरात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांचे वर्षअखेरचे पुरस्कार येतात, पाठोपाठ गोल्डन ग्लोब, मग ऑस्करची नामांकने. प्रत्येक बातमीला चहाच्या टपरीवर एक नवा पक्ष उभा राहतो. त्यात कुणीतरी हमखास विचारतो, ‘‘पण तू पायला काय रे तो पिच्चर?’’ उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी असते. ट्रेलर पाहिलेला असतो, परीक्षण वाचलेले असते, दिग्दर्शकाची मुलाखत ऐकलेली असते. चित्रपट तेवढा राहिलेला असतो.

याला हसण्याचे कारण नाही. महोत्सवांत गाजलेला मराठी चित्रपट पडद्यावर पाहायचा तर वाशिमकराने अकोला, म्हणजे ऐंशीएक किलोमीटर, नाहीतर अमरावती-नागपूर गाठायचे. तिथेही तो आठवडाभर टिकला तर. मुंबईतला रसिक जे बोलतो ते पाहून बोलतो, असेही समजू नये. निवडीची सगळी व्यवस्थाच अशी आहे की वाद आधी पेटतो आणि चित्रपट मागून येतो. ही व्यवस्था नेमकी कशी चालते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिला गैरसमज असा, की चित्रपट सरकार पाठवते. ते खरे नाही. ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. निर्माते, वितरक, प्रदर्शक यांच्या संघटनांची ही शिखर संस्था १९५१ साली स्थापन झाली. ती दरवर्षी एक नवी निवड समिती नेमते. समितीपुढे देशातले सगळे चित्रपट येत नाहीत. ज्या निर्मात्याने अर्ज केला आणि शुल्क भरले, त्याचाच येतो. त्यामुळे ‘आपला अमुक चित्रपट का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर कधीकधी ‘कारण त्याने अर्जच केला नव्हता’ इतके साधे असते. दुसरी अट अकादमीची: चित्रपट आपल्या देशात, ठरलेल्या मुदतीत, निदान सात दिवस सलग चित्रपटगृहात लागलेला असला पाहिजे. ही अट एका शहरातल्या एका पडद्यावरही पुरी होते. नियमाच्या लेखी तो देशात प्रदर्शित झाला, आणि वाशिमच्या लेखी त्याचे पोस्टरही लागले नाही.

तिकडे ऐंशी-नव्वद देशांचे चित्रपट जमतात. ज्या सभासदांना या विभागात मत द्यायचे असते ते आपल्या वाट्याचे चित्रपट पाहतात. त्यातून पंधरांची लघुयादी, त्यातून पाच नामांकने आणि शेवटी एक विजेता. भारताने १९५७ च्या ‘मदर इंडिया’पासून आजवर तीनदाच अंतिम पाचांत जागा मिळवली: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. तिन्हींत मराठी एकही नाही. मराठीतून पाठवले गेलेले चित्रपटही तीनच: २००४ साली ‘श्वास’, २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ साली ‘कोर्ट’.

‘श्वास’ची गोष्ट आजच्या तरुण रसिकांना ऐकीव आहे, म्हणून थोडी थांबून सांगतो. ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाल्यानंतर अर्धे शतक मराठीच्या वाट्याला तो मान आला नव्हता. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाने तो परत आणला. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला, डोळे काढल्याशिवाय जीव वाचणार नाही आणि शस्त्रक्रियेपूर्वी आजोबांना त्याला जग दाखवायचे आहे, एवढेच कथानक. भारतातर्फे निवड झाल्यावर निर्मात्यांच्या ध्यानात आले की, खरा खर्च इथून पुढे आहे. अमेरिकेत चित्रपटाचे खेळ लावायचे, मतदार सभासदांना त्याची खबर द्यायची, जाहिराती करायच्या. त्यासाठी पैसे नव्हते. मग महाराष्ट्रात वर्गणी सुरू झाली. शाळकरी मुलांपासून राज्य शासनापर्यंत अनेकांनी हातभार लावला. गावाने मिळून एखाद्या पोराला शिकायला पाठवावे, तसा तो प्रकार होता.

‘श्वास’ला नामांकन मिळाले नाही. तेव्हापासून आपल्याकडे एक वाक्य पिढीजात दागिन्यासारखे जपले जाते, ‘श्वास सहावा आला होता.’ मी ते भाषणांत ऐकले आहे, लेखांत वाचले आहे. पण अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, आणि त्या वर्षी लघुयादी जाहीर करण्याची पद्धतही नव्हती. पाच नावे बाहेर आली, बाकीची पेटीत राहिली. सहावे-सातवे क्रमांक मोजायला कुणाला कागद मिळालेला नाही. ‘मदर इंडिया’ एका मताने हरला ही कथाही याच जातीची. न पाहिलेल्या मतपेटीवरही आपण वाद घालतो, आणि तो फार गोड असतो.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’विषयी लवकर पुढे जातो. परेश मोकाशींच्या या खेळकर चित्रपटाची निवड सप्टेंबर २००९ मध्ये झाली, आणि राज्यभरच्या प्रेक्षकांपुढे तो आला जानेवारी २०१० च्या अखेरीस. म्हणजे चार महिने आपण ज्याचा अभिमान बाळगला तो चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलाच नव्हता.

‘कोर्ट’ची हकीकत निराळी आणि विदर्भाला अधिक जवळची. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन मोठे पुरस्कार मिळाले. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याची घोषणा झाली आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो चित्रपटगृहांत लागला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुरस्काराची बातमी ताजी असताना प्रेक्षकाला तिकीट काढता आले. एरवी असे क्वचितच घडते. यातल्या नारायण कांबळे या लोकशाहीरावर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केली. ते व्यवसायाने नट नव्हते. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते आणि संपादक होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला.

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर या भागात भीमजयंतीच्या रात्री शाहिरी जलसा ऐकलेल्या माणसाला नारायण कांबळेची ओळख करून द्यावी लागत नाही. तो मंचावर उभा कसा राहतो, डफावर थाप पडताच समोरची गर्दी कशी सावरून बसते, हे सगळे इथले आहे. तरीही या चित्रपटाचे नाव आमच्यापर्यंत आले ते व्हेनिसमार्गे. आणि त्याची ऑस्करसाठी निवड झाली तेव्हा चर्चा रंगली ती समितीतल्या भांडणाची: अध्यक्ष अमोल पालेकर होते आणि सदस्य राहुल रवैल यांनी राजीनामा दिला होता. कोण काय बोलले यावर रकाने भरले. गटारात उतरणाऱ्या माणसाविषयी त्या दिवसांत किती छापून आले, हे कुणी मोजायला हवे होते.

पाहून घातलेला वाद कसा असतो याचे एकच ठळक उदाहरण मला दिसते, २०१६ चा ‘सैराट’. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट तालुक्याच्या गावीही लागला, आणि ज्यांनी आयुष्यात महोत्सवाचे नाव ऐकले नव्हते त्यांनी तो दोनदा-तीनदा पाहिला. त्या वर्षी समितीने ‘सैराट’ ऐवजी वेट्रीमारन यांचा तमिळ ‘विसारणई’ निवडला. इथे संताप झाला, पण तो संताप भरीव होता. शेवटच्या दृश्यातली शांतता, लहान मुलाची रक्ताने माखलेली पावले, याबद्दल माणसे आपापल्या घरातले दाखले देऊन बोलत होती. दुसरी बाजू मात्र रिकामी राहिली. ‘विसारणई’ हा पोलिस कोठडीतल्या छळाचा अंगावर येणारा चित्रपट आहे आणि तो पाहिल्यावर समितीला दोष देणे मला जमले नाही. एक पाहिलेला आणि एक न पाहिलेला, अशी ती लढत होती.

२०२४ साली हेच उलट्या बाजूने झाले. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मे महिन्यात कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. २३ सप्टेंबरला समितीने एकोणतीस अर्जांमधून किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ निवडला. देशभर गदारोळ झाला, वाशिमही त्याला अपवाद नव्हते. आता तारखा पाहा. ‘लापता लेडीज’ मार्चमध्ये चित्रपटगृहांत आणि एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर आला होता; तो आमच्याकडे घरोघरी मोबाइलवर पाहिला गेला होता. कपाडियांचा चित्रपट सप्टेंबरात फक्त केरळात मोजक्या पडद्यांवर लागला, देशभर आला तो २२ नोव्हेंबरला आणि मोबाइलवर ३ जानेवारीला. म्हणजे ज्या सप्टेंबरात आम्ही त्याच्या बाजूने हमरीतुमरीवर आलो, तेव्हा टपरीवरच्या एकानेही त्याची एक चौकट पाहिलेली नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात न्यूयॉर्कच्या आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षक मंडळांनी परभाषी चित्रपटांत त्यालाच पहिली पसंती दिली. १७ डिसेंबरला ऑस्करची लघुयादी आली, तीत ‘लापता लेडीज’ नव्हता. ब्रिटनने पाठवलेला संध्या सुरींचा हिंदी ‘संतोष’ मात्र होता. आमच्यातल्या अर्ध्यांना वाटले, आपण जिंकलो. पण तेवढे सिद्ध होत नाही. कपाडियांचा चित्रपट अमेरिकेतही रीतसर लागला होता, इतर विभागांसाठी तो पात्र होता, आणि तिथे त्याला एकही नामांकन मिळाले नाही. पाठवला असता तर जिंकला असता, हे विधान ‘श्वास सहावा आला’ याच माळेतले.

समीक्षकांच्या या पुरस्कारांचा नेमका उपयोग काय, हेही इथेच सांगायला हवे. समीक्षकांना अकादमीत मत नसते. पण मतदारापुढे चित्रपटांचा डोंगर असतो आणि संध्याकाळी कोणता आधी लावायचा हे त्याला ठरवायचे असते. १९३५ पासून चालत आलेले न्यूयॉर्कच्या समीक्षकांचे मंडळ एखादे नाव घेते, तेव्हा तो चित्रपट ढिगाच्या वर येतो. पुरस्कार म्हणजे ‘हा आधी पाहा’ अशी चिठ्ठी, आणि ती वेळेवर पोहोचते.

आपल्याकडे ही चिठ्ठी उशिरा निघते. २०२३ सालच्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले. त्यात आशिष बेंडे यांना ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. तो चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये लागून गेला होता. बातमी वाचून कुणाला उत्साह आला तरी जायचे कुठे? पुरस्कार आणि प्रदर्शन यांत तीन आठवड्यांचे अंतर असले तर काय होते हे ‘कोर्ट’ने दाखवले, पावणेदोन वर्षांचे असले तर तो फक्त सत्कार होतो. ऑस्करच्या निवडीवर आपण जेवढा आवाज करतो त्याच्या दशांशही आवाज या अंतराविषयी होत नाही, याचे मला नवल वाटते.

‘ऑल वी इमॅजिन’ अखेर जानेवारीत पाहिला. समितीला तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटल्याचे फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले होते. संथ आहे, हे कबूल. पण छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती, इस्पितळात स्वयंपाक करणारी कोकणातली विधवा, बावीस वर्षे एका खोलीत राहिली आणि नवरा गेल्यावर ती खोली आपली असल्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही. हिला युरोपीय म्हणणाऱ्याने एकदा आमच्या एखाद्या तलाठी कार्यालयाबाहेरच्या बाकावर, वारसाच्या नोंदीसाठी थांबलेल्या बायांशेजारी बसून पाहावे.

जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’चेही असेच झाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित झालेला, तिथल्याच माणसांनी तिथल्याच बोलीत वठवलेला हा चित्रपट. कापूस पिकवणाऱ्या बापाची शिकलेली मुलगी, आणि तिला पुन्हा पुन्हा ‘पाहायला’ येणारे पाहुणे. नाव काय, उंची किती, शिक्षण काय, हेच प्रश्न दर वेळी. वऱ्हाडात असे पोहे कोणत्या घरात झाले नाहीत? सप्टेंबर २०२३ मध्ये टोरोंटोत त्याला पुरस्कार मिळाला आणि महाराष्ट्रात तो मार्च २०२५ मध्ये लागला. डोंगरगावाहून वाशिमला यायला टोरोंटोची वाट धरावी लागली आणि दीड वर्ष गेले. ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ मात्र एप्रिल २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला तेव्हा मुंबईला आणि मानोऱ्याला तो एकाच दिवशी मिळाला. पडदा लहान होता, पण त्या आठवड्यातला वाद मला आठवतो. ‘पायला काय?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. थेट शेवटावरच भांडण लागले.

२०२५ साली १९ सप्टेंबरला नीरज घेवान यांच्या ‘होमबाउंड’ची भारतातर्फे निवड झाली, तो देशभर लागला त्यानंतर आठवड्याने. त्याच १९ तारखेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ प्रदर्शित झाला, जानेवारीत सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांमधला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवून आलेला. आमच्याकडे बोंड म्हटले की कपाशीचेच डोळ्यांपुढे येते. इथे ते निवडुंगाचे लाल फळ आहे. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा तरुण आणि गावातला त्याचा मित्र, यांच्या प्रेमाची ही गोष्ट. ‘होमबाउंड’ की ‘साबर बोंडं’, यावर टपरीवर दोन तट केव्हाच पडले आहेत. सोंगणी आटोपली की चौघांनी मिळून एक गाडी करून अकोल्याला जायचे ठरले होते, तोवर तो तिथे लागलेला असला तर.