सांदीपनींच्या आश्रमापासून

उज्जयिनीत अंकपाताजवळ सांदीपनींचा आश्रम आहे. कृष्णाने तेथे चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या आणि गुरुदक्षिणेची गोष्ट निघाली, तेव्हा त्या विद्यावंत आचार्यांनी पत्नीशी विचार करून मागितले ते प्रभासक्षेत्री समुद्रात हरपलेले आपले मूल. विद्येची ओढ अपत्याची ओढ मारते असे मानणाऱ्यांनी ही कथा आठवून पाहावी.

आधी ब्रह्मचर्य आणि मग गृहस्थाश्रम हा क्रम आपल्याकडे पुरातन आहे. परंतु तो मुलग्यांपुरता, कारण विवाह हेच स्त्रियांचे उपनयन असे मनुस्मृतीने ठरवून टाकले आणि तो दस्तूर शतकानुशतके चालला. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी विवाहित आणि चौदाव्या वर्षी माता झाल्या. मूल दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून ज्या वैद्यकविद्येकडे त्या वळल्या, तिची पदवी त्यांना १८८६ साली अमेरिकेत मिळाली. विद्येसाठी अपत्यजन्म पुढे ढकलला जाणे ही गोष्ट नवी नाही; ती मुलींच्या वाट्याला आली, एवढेच नवे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, शाळेचे तोंड न पाहिलेल्या भारतीय स्त्रियांचा एकूण जननदर २.८, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचा १.८ आढळला, विवाहाचे मध्यक वय मात्र १७.१ वरून २२.८ वर गेलेले दिसले. तफावत अपत्यसंख्येत एकाची, विवाहात जवळजवळ सहा वर्षांची! अर्थात ही सारी पदवीचीच करणी नव्हे, कारण जे घर मुलीला महाविद्यालयात धाडते, ते बहुधा शहरातले, बऱ्या ऐपतीचे आणि दवाखान्याजवळचे असते. अविभक्त मध्यप्रदेशात १९९२-९३ साली ३.९ असलेला जननदर आजच्या मध्यप्रदेशात २०१९-२१ च्या फेरीपर्यंत २.० वर आला, आणि कधीच न शिकलेल्या असंख्य स्त्रियांनी नसबंदी करून घेतली, हेही त्याचे एक मोठे कारण आहे.

उच्च शिक्षणाचा खरा अंमल काळावर चालतो. पहिले मूल विसाव्याऐवजी सव्विसाव्या वर्षी होऊ लागले, म्हणजे आयुष्यभराची अपत्यसंख्या तीच राहिली तरी मधल्या वर्षांतील जन्म कमी भरतात आणि जननदर खाली गेलेला दिसतो. पुढे मात्र पदव्युत्तर परीक्षा, शोधप्रबंध, स्पर्धापरीक्षा आणि नोकरीतील कायम नेमणूक अशी एकेक मुदत वाढत गेली, की पस्तिशीनंतर झपाट्याने घटणारी गर्भधारणक्षमता आपला हिशेब मांडते, आणि दुसरे मूल, क्वचित पहिलेही, राहून जाते. संततिनियमनाचे पुरस्कर्ते रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी अपत्य न होऊ देण्याचा निर्णय समजून-उमजून घेतला होता; तसा निर्णय घेण्याचा अधिकार प्रत्येकीला आहेच. मला व्यथित करते ती, निर्णय कोणी घेतलाच नाही आणि केवळ वेळ निघून गेली, अशी स्थिती.

तिचे मूळ विद्यापीठांच्या वेळापत्रकात आहे, कारण ते ज्यांना प्रसूत व्हायचे नव्हते अशांसाठी आखले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली संशोधक स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद केली, तीही उशिराच. आमच्या उज्जयिनीच्या सम्राट विक्रमादित्य (पूर्वीच्या विक्रम) विद्यापीठात, जे १९५७ पासून माळव्यातील मुलींना शिकवत आले आहे, शोधप्रबंधासाठी नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाती शुल्काच्या पावतीबरोबर या रजेचा नियमही लेखी पडावा, आणि तो तिने घरी सासूबाईंना व नवऱ्याला वाचून दाखवावा, असे मला मनापासून वाटते.