पदकाची कड वाचा

इंग्लंडमधल्या काउंट्यांच्या स्वयंसेवक पलटणींचा ठेवा पाहायचा तर तलवारी-बंदुकांवर फार वेळ घालवू नये. खरी गोष्ट बिल्ले, बक्कलं, पदकं आणि नेमबाजीत जिंकलेल्या चांदीच्या पेल्यांत आहे. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन चालून येईल या धास्तीने ब्रिटिश सरकारने १८५९ मध्ये स्वयंसेवक रायफल तुकड्यांना परवानगी दिली. सुरुवातीला गणवेश-बंदुकीचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा! म्हणून कुठे राखाडी डगले, कुठे हिरवे, आणि बिल्ल्यांचे तर नाना नमुने.

१९०८ मध्ये या तुकड्यांची ‘टेरिटोरियल फोर्स’ झाली. तिच्यातल्या शिपायाला त्याच्या संमतीशिवाय परदेशी धाडता येत नसे. पहिलं महायुद्ध पेटलं आणि हॅम्पशर काउंटीच्या काही टेरिटोरियल पलटणी राजीखुशीने ऑक्टोबर १९१४ मध्ये साउदॅम्प्टनहून हिंदुस्थानकडे निघाल्या, इथली कसलेली गोरी फौज युरोपच्या आघाडीसाठी मोकळी व्हावी म्हणून.

पुढे गंमत झाली. त्यांपैकी चौथी पलटण मार्च १९१५ मध्ये आजच्या इराकमधल्या बसऱ्याला उतरली. तिची एक तुकडी तिथल्याच कुत गावाला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कैद झाली. त्याच वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणीही होत्या. बसऱ्याला गेलेल्यांना ‘१९१४-१५ स्टार’ हा ताऱ्याच्या आकाराचा पदक-बिल्ला मिळाला. तो लाखोंनी वाटला गेला. हिंदुस्थानातल्या छावण्यांत पहारे देत राहिलेल्यांना मात्र स्टार नाही, कारण हिंदुस्थान ही रणभूमीच धरली नव्हती. त्यांच्यातल्या जुन्या, युद्धाआधीपासूनच्या स्वयंसेवकांसाठी वेगळं ब्राँझ पदक निघालं: पिवळी फीत, तिच्यावर हिरव्या दोन रेघा, मागे स्वेच्छेने परदेशी सेवा केल्याचा मजकूर. ही पदकं जेमतेम ३४,००० निघाली. त्यामुळे कुतमध्ये उपासमार सोसलेल्याच्या स्टारपेक्षा छावणीत राहिलेल्याचं पदक आज संग्राहकांना दुर्मीळ वाटतं. शौर्याचा आणि बाजारभावाचा संबंध हा एवढाच.

स्टार सपाट, म्हणून त्याच्या पाठीवर, आणि गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मराठा पलटणींतल्या शिपायांनाही त्या युद्धाची अशी नाव कोरलेली चांदीची पदकं मिळाली. तुमच्या घरात पणजोबांचं एखादं असेल, तर घासूनपुसून लखलखीत करू नका, मोडीत तर मुळीच घालू नका. भिंग घ्या, कडेवरची रोमन अक्षरं वाचा आणि वहीत उतरवून ठेवा.