आवृत्ती-क्रमांकाचे वचन

अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत, १९७३ साली स्थापन झालेल्या त्या निर्यात क्षेत्रात, आणि पवई-घाटकोपरपर्यंत पसरलेल्या कचेऱ्यांत जे सॉफ्टवेअर घडते, त्याचा फार मोठा भाग घडविणाऱ्याने स्वहस्ते लिहिलेला नसतो. इतरांनी आधीच सिद्ध करून ठेवलेल्या लायब्रऱ्यांवर तो उभा असतो. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली जगापुढे ठेवलेल्या रूबी भाषेत अशा बांधीव लायब्ररीस ‘जेम’ म्हणतात, आणि तिच्या वाटपाची ‘रूबीजेम्स’ ही व्यवस्था २००४ साली प्रसिद्ध झाली.

प्रोग्राममध्ये ‘रिक्वायर’ हा आदेश आला, की रूबी आपल्या शोधमार्गातील फोल्डर क्रमाने धुंडाळते, हवी ती फाइल एकदाच वाचते आणि तशी नोंद करून घेते. फाइल तेथे नसल्यास स्थापित जेमांचा तपास होऊन, विशिष्ट आवृत्ती मुक्रर केलेली नसेल तर, सामान्यतः सर्वांत नवी आवृत्ती त्या मार्गात दाखल होते. एकाच जेमच्या अनेक आवृत्त्या संगणकावर सुखाने नांदतात, परंतु चालू प्रोग्राममध्ये त्यांपैकी एकीसच प्रवेश असतो. म्हणून दोन जेमांनी तिसऱ्याच्या परस्परविरोधी आवृत्त्या मागितल्या, तर काम तेथेच अडते.

या पेचातून सुटण्याचा मार्ग क्रमांकाच्या शिस्तीत आहे. २.३.१ या क्रमांकातील शेवटचा आकडा दुरुस्तीचा, मधला नव्या सोयींचा आणि पहिला जुन्याशी फारकत घेणाऱ्या बदलाचा, असा संकेत आहे. त्यावर भिस्त ठेवूनच ‘२.३ किंवा त्यापुढची, पण ३च्या आतली’ अशी मर्यादित मागणी करता येते. ही मागणी ‘जेमफाइल’मध्ये लिहितात, आणि २०१०च्या सुमारास रूढ झालेला ‘बंडलर’ हा प्रोग्राम सर्व मागण्यांचा मेळ घालून निश्चित झालेल्या आवृत्त्या ‘जेमफाइल.लॉक’मध्ये नमूद करतो. गृहनिर्माण संस्थेत सभासदांच्या मागण्या अनेक असल्या, तरी अंमल इतिवृत्तात नोंदलेल्या ठरावाचाच होतो. लॉक फाइलचा अधिकार नेमका तसाच असून, तिच्यामुळेच बोरिवलीत घरी बसून तपासलेला प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवरही त्याच जेमांनिशी चालतो.

तथापि लॉक फाइल आवृत्ती कायम करते, तिच्या गुणाची हमी देत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, म्हणून अद्ययावत करण्याचे काम टाळू नये आणि चाचण्यांवाचून उरकूही नये. मुलुंडचा एखादा तरुण उद्या स्वतःचा जेम प्रसिद्ध करील, तेव्हा अपरिचितांची कामे त्याच्या क्रमांकावर विसंबतील. जुना उपयोग मोडणारा बदल किरकोळ दुरुस्तीच्या आकड्याआड न दडवणे, हे त्याचे त्या सर्वांप्रती पहिले कर्तव्य होय.