अंगदुखीमागे दडलेले नैराश्य

नैराश्य आणि चिंताविकार हे आजार दवाखान्यात सहसा स्वतःच्या नावाने येत नाहीत. ‘अंगात त्राणच नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘रात्री डोळ्याला डोळा लागत नाही’ अशा तक्रारींच्या आडून ते येतात. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या गोव्यातील स्त्रियांच्या पाहणीत या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक घट्ट असल्याचे आढळले. अर्थात, तक्रार खोटी नसते. पाठ खरोखरच दुखत असते, थकवा खराच असतो. पण टॉनिक, सलाईन आणि झोपेची गोळी यांवरच उपचार थांबले, तर मूळ आजार वर्षानुवर्षे तसाच राहतो.

दुःख कुणालाच चुकलेले नाही. पीक हातचे गेले, नोकरी सुटली, घरातले माणूस गेले, तर कुणीही खचतोच. मात्र सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहिले किंवा कशातच रस वाटेनासा झाला, तर नैराश्याची शंका घ्यावी. त्याच्या जोडीला झोप आणि भूक बिघडते, लक्ष लागत नाही, ‘आपण सगळ्यांना भार झालो’ असे वाटते, मरणाचे विचार येतात. पुरुषांत पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिड आणि वाढलेले पिणेच आधी दिसते. घरचे त्याला स्वभाव समजतात आणि मोलाचे महिने वाया जातात.

चिंताविकारात काळजी एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारत राहते. मुलाची परीक्षा झाली की कर्जाचा हप्ता, तो भरला की स्वतःची तब्येत. कधी अचानक जीव घाबरा होतो, श्वास अपुरा पडतो, हातापायांना मुंग्या येतात, आता मरणार असे वाटते. असा झटका काही मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतो. छातीत पहिल्यांदा दुखले तर ईसीजी काढलाच पाहिजे. पण तो नीट आल्यावर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणे ही मोठी चूक आहे. थायरॉइडच्या बिघाडाने किंवा रक्त कमी झाल्यानेही अशी लक्षणे दिसतात, म्हणून त्या तपासण्याही कराव्यात.

नैराश्याच्या चाचपणीसाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. एकूण गुण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले, तर डॉक्टरांकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी. निदान मात्र केवळ गुणांवरून होत नाही.

उपचारांसाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा आणि तो तर शहरात, या समजुतीला गोव्यातूनच ठोस उत्तर मिळाले आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राचे शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना ते सहा ते आठ वेळा भेटत. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते; केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. उदास माणूस ‘बरं वाटलं की करीन’ म्हणतो. देवळात जाणे सुटते, भिशी सुटते, मैत्रिणीचा फोन उचलला जात नाही. आनंद देणारे एकेक काम गळते तशी उदासी वाढते आणि उदासी वाढते तशी कामे गळतात. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचे असते. रोज काय केले आणि तेव्हा कसे वाटले याची नोंद ठेवायची आणि त्यातून एक लहान काम निवडायचे: संध्याकाळी पाच वाजता शेजारणीबरोबर नाक्यापर्यंत चालून येणे. वेळ, जागा आणि सोबत आधीच ठरवायची. मन लागो न लागो, ते करायचे. चिंतेतही तसेच. बसच्या गर्दीची भीती बस टाळून वाढते. आधी एक थांबा, मग दोन, असे केल्याने ती कमी होते.

आजार तीव्र असेल तर औषध टाळू नये. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होते आणि अनेक जण तिथेच सोडून देतात. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू बंद कराव्या लागतात. ज्यांची सवय लागते त्या झोपेच्या आणि तात्पुरत्या शांततेच्या गोळ्या वेगळ्या. दोन्हींची गल्लत झाल्याने योग्य औषधही नाकारले जाते.

‘मन घट्ट कर’ हा सल्ला रुग्णाला आणखी एकटे पाडतो. जवळ बसावे, ऐकावे, दवाखान्यात सोबत जावे. जगणे नको वाटते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. होकार मिळाला तर माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते.

नैराश्य उलटू शकते. म्हणून बरे झाल्यावर रुग्णाने आणि घरच्यांनी पहिल्या खुणा लिहून ठेवाव्यात: पहाटे लवकर जाग येणे, फोन टाळणे, जेवणावरून मन उडणे. त्या पुन्हा दिसल्या की कोणते काम लगेच सुरू करायचे आणि कुणाकडे जायचे, हेही त्याच कागदावर असावे.