जोडणीचे चिन्ह आणि जोडणी

झाशी हे ग्वाल्हेर, बीना, कानपूर आणि माणिकपूर या चार दिशांच्या लोहमार्गांचे जंक्शन. हातांच्या सिग्नलांच्या काळी जो सिग्नल केबिनमधून दिसत नसे, त्याचा हात वर आहे की खाली, हे दाखविणारे लहानसे उपकरण केबिनमध्ये बसविण्याची रेल्वेत पद्धत होती. त्यास रिपीटर म्हणत. रिपीटर बिघडला, तरी दूरचा सिग्नल आपल्या जागी ठीक असू शके.

घरच्या संगणकाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात दिसणारे इंटरनेटचे चिन्ह हा असाच एक रिपीटर होय. झाशीतल्या एखाद्या घरी परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची संध्याकाळ आहे आणि चिन्ह ‘इंटरनेट नाही’ असे सांगते. तारा उपसण्यापूर्वी हे चिन्ह कशावरून ठरते, ते जाणून घेणे हिताचे.

वाय-फायच्या कमानी केवळ संगणक व राउटर यांमधील रेडिओलहरींचे बळ दाखवितात. राउटरच्या पुढची तार तुटली, तरी कमानी भरलेल्याच दिसतील. पलीकडे इंटरनेट आहे की नाही, हे ठरविण्यास विंडोज एक छोटी परीक्षा घेते. ही रीत २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर घराघरांत आली. आजच्या विंडोजमध्ये संगणक मायक्रोसॉफ्टच्या एका ठराविक पत्त्यावरून एक फाइल मागवितो. तीत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच तीन शब्द असतात. ते जसेच्या तसे आले, तर जोडणी आहे असे तो मानतो. रेल्वेस्थानकाच्या वाय-फायवर मोबाइलवर आलेला संकेतांक भरेपर्यंत या शब्दांऐवजी प्रवेशाचे पान परत येते. तेथे चिन्हाचा नकार रास्तच. परंतु व्हीपीएनने, फायरवॉलने किंवा जाहिराती अडविणाऱ्या गाळणीने नेमका तोच पत्ता अडविला, तर बाकीचे सारे जग खुले असूनही चिन्ह नकार देते.

खरी अडचण पुढे आहे. काही प्रोग्राम स्वतः प्रयत्न न करता विंडोजचा हाच निर्णय प्रमाण मानतात. २०२० मध्ये विंडोज १० च्या ‘२००४’ या आवृत्तीत (हा आवृत्तीचा क्रमांक, सन नव्हे) चिन्ह खोटे सांगू लागले, तेव्हा ब्राउझर चालत असताना मायक्रोसॉफ्ट स्टोअरसारखे प्रोग्राम मात्र अडून बसत.

म्हणून प्रथम ब्राउझरमध्ये पूर्वी न पाहिलेले एखादे पान उघडावे. जुने पान संगणकाच्या साठ्यातूनही दिसू शकते. ते उघडले, तर दोष चिन्हाचा. आधी अर्ज भरून टाकावा, मग व्हीपीएन बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा. पान न उघडल्यास त्याच राउटरवर मोबाइल लावून पाहावा. त्याचा स्वतःचा डेटा बंद करण्यास मात्र विसरू नये, नाहीतर तपासणी फुकट. मोबाइलही अडला आणि फायबरच्या पेटीवर ‘लॉस’चा तांबडा दिवा लागला असेल, तर पेटीपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही, सेवा देणाऱ्या कंपनीस कळवावे.

केवळ संगणकच अडला असेल, तर त्याचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, संगणकाने तो आपला आपण घेतला आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावावा. पत्ता ठीक असून ‘पिंग’ या आदेशास अंकांच्या पत्त्यावरून उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावावरून येत नाही, असे आढळल्यास नावांचे अंक करून देणारी डीएनएस ही व्यवस्था अडली आहे, आणि संगणकाच्या मांडणीत दुसऱ्या डीएनएसचा पत्ता घातला की पान उघडते.