पानं नसताना झाड ओळखायचं कसं?

मागच्या उन्हाळ्यात बोरिवलीत आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतच्या एका झाडावर तोडणीची नोटीस लागली. हरकत घ्यायचं ठरलं. मी अर्ज टाइप करायला बसलो आणि अडकलो. झाडाचं नाव काय? पानं गळलेली, फुलं संपलेली. नोटिशीत पांगारा लिहिलेलं, एक काका म्हणाले काटेसावर, आणि फोनवरचं अ‍ॅप दर फोटोला वेगळंच नाव सांगत होतं. या घोळात मुदत संपली आणि झाड गेलं. नोटिशीतला क्रमांक लिहूनही अर्ज देता आला असता, हे नंतर सुचलं.

तेव्हापासून मी साल वाचायला शिकतोय. कारण पानं-फुलं येतात-जातात, साल बाराही महिने समोर असते.

आधी लॉजिक समजून घेऊ. खोड आतून जाड होत जातं. बाहेरची साल मेलेली असते, ती ताणली जात नाही. मग ती तडकते, सोलते किंवा पापुद्रे टाकते. प्रत्येक जातीची तडकायची पद्धत वेगळी, म्हणून पॅटर्नही वेगळा.

आता चला नॅशनल पार्कात, कान्हेरीच्या रस्त्याला. काळपट खोड, त्यावर खोल उभ्या-आडव्या भेगा आणि चौकोनी तुकडे, अगदी मगरीच्या पाठीसारखे? तो ऐन. ही जाड साल वणव्यातही झाडाला वाचवते. त्याचाच भाऊ अर्जुन, ओढ्याकाठी दिसतो. दोघांच्याही फळांना पाच पंख, त्यामुळे फळ बघून गोंधळ होतो. पण अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट राखाडी, आणि तिचे पातळ तुकडे गळून पडतात. अर्जुन या शब्दाचा एक अर्थच मुळी पांढरा.

सागाची साल राखाडी-तपकिरी, उथळ उभ्या भेगांची. खात्री करायची असेल तर खाली पडलेलं पान बघा: मोठं आणि खरखरीत. कोवळं पान चुरडलं की बोटं लाल होतात. आणि उघड्या डोंगरउतारावर पांढरंफटक, कागदी पापुद्र्यांचं खोड दिसलं तर तो कांडोळ. रात्री चमकतो म्हणून लोक त्याला भुताचं झाडही म्हणतात.

आता आमचा घोळ. काटे सावरीलाही असतात आणि पांगाऱ्यालाही. पण सावरीचे काटे जाड, बुडाशी रुंद, शंकूसारखे. पांगाऱ्याचे लहान, काळपट, आणि सालीवर फिकट उभ्या रेषा. झाड म्हातारं झालं की बुंध्यावरचे काटे झडतात, तेव्हा वर फांद्यांकडे बघायचं. फोनमधले जुने फोटो झूम करून पाहिले, तर काटे शंकूसारखेच होते. काका बरोबर होते.

एक गंमत सांगतो. वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या, फुलं येणाऱ्या झाडांचं लाकूड ते हार्डवूड, आणि पाइन-देवदारचं सॉफ्टवूड. म्हणजे ज्या सावरीच्या हलक्या लाकडापासून आगकाड्या बनतात, तीसुद्धा हार्डवूडच!

हे सगळं कशासाठी? १९७५च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि लोकांना हरकत घेता येते. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडं तुटली, तेव्हा आपण सगळ्यांनी फक्त आकडा ऐकला. किती ऐन, किती सावरी, हे कितीजणांना सांगता आलं असतं?

तर या रविवारी एकच काम करा. तुमच्या गल्लीतल्या पाच झाडांच्या सालीचे फोटो काढा, हात लावून बघा, नाव शोधा आणि फोटोखाली लिहून ठेवा. साल सोलू मात्र नका, तिथून झाडाला कीड लागते. नोटीस लागेल त्या दिवशी नाव तुमच्याकडे तयार हवं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!