स्मरणशक्ती असलेला धातू

पायाच्या रक्तवाहिनीत बसविलेली जाळी आपोआप कशी उघडते, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस विचारतात. अशा बहुतेक जाळ्या निकेल व टायटॅनियम यांच्या 'निटिनॉल' या मिश्रधातूच्या असतात. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या संशोधनातून हा धातू पुढे आला. थंडाव्यात त्याच्या स्फटिकांतील अणूंची मांडणी बदलते व तो सहज दबतो. ऊब मिळताच मूळ आकार धारण करतो. म्हणूनच बारीक नळीत मिटवून ठेवलेली जाळी नळीबाहेर येताच शरीराच्या ३७ अंश उष्णतेत उमलते, आणि चालताना दाबली गेली तरी पूर्ववत होते. मात्र ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे, त्यांनी ती डॉक्टरांना आधीच सांगावी, ही आमची नम्र विनंती.